रत्नागिरीचें वाफेचें युग व त्याचीं कागदपत्रें

आगगाडीच्या इतिहासांत रत्नागिरीचें स्थान कोणतें, असा प्रश्न कोणीं केल्यास ‘कांहींच नाहीं’ हें उत्तर प्रथमदर्शनीं बरोबर वाटेल. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. कोंकण रेल्वेचा मार्ग संपूर्ण सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजीं. म्हणजे मुंबईस जें दिसलें तें रत्नागिरीस दिसण्यास सुमारें १४५ वर्षें लागलीं. तोंपर्यंत वाफेचीं एंजिनें रुंद रुळांवरील नेहमीच्या कामांतून १९९५ सालींच निघालीं होतीं. कोंकण रेल्वे जन्मली तीच डीझेलवर, आणि २०२२ सालीं ती सर्वत्र विजेची झाली. तेव्हां आपल्या गांवच्या स्टेशनावर धूर सोडीत येणारी गाडी रत्नागिरीकरांनीं पाहिलीच नाहीं. परंतु एवढ्यावरून या गांवास वाफेचें युगच नव्हतें असें म्हणणें मात्र युक्त नव्हे. तें युग येथें पाण्यावरून आलें.

भाषेनें ही गोष्ट केव्हांच नोंदवून ठेविली आहे. ‘आगगाडी’ व ‘आगबोट’ हे जुळे शब्द. संस्कृत वळणाचा ‘अग्निरथ’ पुस्तकांतच राहिला. लोकांनीं भट्टींतील आग पाहिली व तीवरूनच दोन्ही यंत्रांस नांवें दिलीं. भट्टीपुढें फावड्यानें कोळसा लोटणारा तो एंजिनावर आगवाला, आणि बोटीच्या तळांतहि आगवालाच. वरच्या कामावर सारंग, तांडेल, सुकाणी व खलाशी हे जुन्या गलबतांवरील हुद्दे शिडें गेलीं तरी कायम राहिले. यंत्र विलायती आणि हुद्दे देशी, असा हा संसार होता.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें हीं या मार्गावरील स्टेशनेंच म्हणावयाचीं. फरक एवढाच कीं बहुतेक ठिकाणीं फलाट नव्हता. बोट खोल पाण्यांत नांगर टाकी आणि उतारू, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या व रडणारीं मुलें होड्यांतून तिच्याशीं भिडत. शेफर्ड कंपनीचा, म्हणजे पुढील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचा, या किनाऱ्यावर मोठा पगडा होता. तिच्याशीं स्पर्धा करण्यास स्वदेशीच्या काळांत जी कंपनी निघाली तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींस संतांचीं नांवें देण्याची तिची पद्धत होती. ‘माझी’ या एका शब्दांत त्या चळवळीचें सारें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां गाडीकडे वळूं. परळच्या रेल्वे कारखान्यांत, यार्डांत व एंजिनांवर फिटर, सांधेवाले, आगवाले म्हणून राबणाऱ्यांत कोंकणचीं माणसें पुष्कळ होतीं. जन्मभर गाडी चालविणाऱ्या या माणसास स्वतःच्या घरीं जावयाचें तर बोट धरावी लागे! आणि पावसाळ्यांत बोटी बंद. मग १८९१ सालीं कोल्हापुरास रेल्वे आल्यावर दुसरा मार्ग खुला झाला : मुंबईहून पुणें, तेथें गाडी बदलून अरुंद रुळांवरून मिरज, कोल्हापूर, आणि आंबा घाटानें खालीं रत्नागिरी. सह्याद्रि दोनदां ओलांडून शेजारच्या किनाऱ्यावर पोंचण्याचा हा द्राविडी प्राणायाम किती जणांस परवडला असेल?

समुद्रानें आपला कर घेतलाच. ता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या, ता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

आमच्या संग्राहक मंडळींस मुख्य सांगणें पुढेंच आहे. पेशवाई अखेरपर्यंतचा कागद आपण जिवापाड जपतों. तदनंतरचा तो रद्दी. परंतु घरगुती व दुकानी हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडींतच लिहिले जात होते, व या युगाची माहिती कंपन्यांच्या इंग्रजी अहवालांपेक्षां त्यांत अधिक सांपडण्याजोगी आहे. बोटीचें भाडें, होडीची मजुरी, माल भरल्याची पावती, मुंबईहून आलेली मनिऑर्डर, चाकरमान्याचें पत्र, खलाशाच्या नोकरीचा दाखला हे कागद एकत्र ठेवले तरच एका घराचा व्यवहार उभा राहतो. पत्रावर मिती नसली तरी काळ लावतां येतो. ‘बोटी सुरू झाल्या’ असें असेल तर पावसाळ्याचा शेवट समजावा. कोल्हापुराहून गाडीनें आल्याचा उल्लेख असेल तर पत्र १८९१ नंतरचें. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा गांवांत हयात असल्याचें दिसत असेल तर तें १८८६ ते १९१६ मधील. ‘तुकाराम’ बोटीनें निघाल्याचें लिहिलें असेल तर बहुधा नोव्हेंबर १९२७ पूर्वींचें. शिळाशासनाच्या वाचनास जो न्याय तोच येथें लावावा.

कोंकणांतील बंद घरें आतां उघडतात तीं बहुधा विक्रीसाठीं, आणि दमट हवा व वाळवी गिऱ्हाइकाची वाट पाहत नाहींत. असा गठ्ठा हातीं लागल्यास कागद सुटे करण्यापूर्वीं ते कोणत्या क्रमानें बांधले होते, कोणत्या घरांत व कोणत्या पेटींत होते, हें प्रथम लिहून ठेवावें. तिकिटें व पावत्या वेगळ्या काढून पत्रांपासून तोडूं नयेत.