रक्तातली भीती : एका जुन्या आरोपाची उलटतपासणी

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या भाचीला घेऊन नाशिकमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो होतो. मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वर्गात, बसमध्ये, कधी झोपेतून दचकून उठल्यावर तिची छाती धडधडू लागे, हातपाय गार पडत, आता आपण मरणार असे तिला वाटे. हृदयाच्या तपासण्या दोनदा झाल्या, त्यांत काही निघाले नाही. डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?"

प्रश्न साधा होता. मधुमेहाच्या रोग्यालाही तो विचारतात. पण मी चटकन "नाही" म्हणून मोकळा झालो. जिना उतरताना भाची म्हणाली, "मामा, खोटं का बोललात? पणजीचं तर तुम्हीच सांगता आम्हाला."

मी खोटे का बोललो, याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहितो आहे. मी इतिहासाचा शिक्षक होतो, विज्ञानाचा नव्हे. परंतु या प्रश्नात विज्ञानाआधी इतिहास उभा आहे.

माझी आजी, आईची आई, दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. दिवेलागण झाली की तिच्या काळजात पाखरू फडफडू लागे. हा शब्द तिचाच. ती दाराला कडी घाली, पुन्हा जाऊन कडी चाचपून बघे. रस्त्यावर बुटांचा आवाज आला की तिचा श्वास अडके. लोक म्हणत, बाईला बाहेरचे झाले आहे. माझ्या आईलाही त्यातला थोडा वाटा मिळाला होता. पाऊस जास्त झाला तरी तिला झोप येत नसे. बहीण त्यातून सुटली आणि आता भाची.

पण याच आजीची दुसरी गोष्ट अशी की १९३० साली ती काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बसली होती. तेव्हा ती विशीतली.

तो सत्याग्रह आपल्या वाचकांना ठाऊक आहे, तरी थोडे सांगितले पाहिजे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि तिथून मैलभर लांबीची मिरवणूक मंदिराकडे निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे होती. मंदिराचे दरवाजे बंद होते, म्हणून मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चार दरवाजांपुढे जाऊन बसली. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब. ९ एप्रिलला रथाच्या दिवशी ठरलेला करार मोडून रथ पळविण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. बाबासाहेबांनाही मार लागला. लढा पुढे १९३५ पर्यंत या ना त्या रूपाने चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली.

इतिहासाच्या पुस्तकात दगडफेकीचे वर्णन असते. त्यानंतर खेड्यांत काय झाले ते एखाद्या ओळीत उरकलेले असते. वास्तविक खरी किंमत तिथे वसूल केली गेली. जिल्ह्यातल्या गावोगावी आपल्या लोकांना रस्ते बंद झाले, मुलांना शाळा बंद झाल्या, दुकानदार मीठमिरची देईनात, एकटादुकटा सापडला की मारहाण. मंदिरासमोर पंधरा हजारांत बसणे आणि रात्री गावाबाहेरच्या वस्तीत एकटे घर राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजी दुसऱ्या गोष्टीविषयी बोलत नसे. बुटांच्या आवाजाचे कारण मला त्यातच दिसते. आई मात्र म्हणे, "ती लहानपणापासनंच तशी होती, तिची आत्याही तशीच." दोघांचेही खरे असू शकेल, हे मानायला मला पुष्कळ वर्षे लागली.

कारण "लहानपणापासून तशीच" हे शब्द माझ्या कानात वेगळे वाजत. शाळेत असताना वक्तृत्वस्पर्धेत मी व्यासपीठावर अडखळलो, तेव्हा एक मास्तर सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते की भित्रेपणा यांच्या रक्तातच असतो. वर्ग हसला. डॉक्टरांच्या खोलीत मला ते हसू ऐकू आले.

हा रक्ताचा सिद्धांत मास्तरांनी शोधून काढलेला नव्हता. त्याला मोठी सरकारी परंपरा आहे. मुंबईच्या लष्करात महारांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सेनाधिकाऱ्यांना लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद सुचला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. महारांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. मग पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडली आणि १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपले, पलटण गेली. दुसरे महायुद्ध आले, १९४१ साली महार रेजिमेंट निघाली. ज्या रक्तात १८९५ साली शौर्य नव्हते त्यात १९१७ साली ते आले, पुढे आटले आणि १९४१ साली पुन्हा वाहू लागले! असे रक्त कोणत्या प्राण्याचे असते ते शास्त्रज्ञांनीच सांगावे.

त्याच सुमारास हर्बर्ट रिस्ले लोकांची नाके मोजीत होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा हिशेब. बाबासाहेबांनी या सबंध विचाराची फेड त्याच्याच हत्याराने केली. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी दाखविले की जातीमुळे वंश सुधारला असता तर त्याचा पुरावा इथल्या माणसांच्या शरीरात दिसायला हवा होता, आणि तो दिसत नाही. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापे घेऊन त्यांनी निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. चिंताविकार घराण्यात चालतो काय? चालतो. हेटेमा, नील आणि केंडलर यांनी २००१ साली कुटुंबांचे व जुळ्यांचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. आईबाप-भावंडांपैकी कुणाला विकार असेल तर तो होण्याचा संभव चार ते सहा पट आढळला. माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग आनुवंशिक फरकांशी जोडता येतो, उरलेला मोठा भाग परिस्थितीचा. भीतीचे एखादे जनुक मात्र सापडलेले नाही. १९९६ साली सिरोटोनिन या द्रव्याची ने-आण करणाऱ्या जनुकाचा गाजावाजा झाला. तेव्हाही त्याचा वाटा तीन-चार टक्के सांगितला होता, आणि पुढच्या मोठमोठ्या अभ्यासांत तोही पुसट होत गेला. आज दिसते ते असे, की शेकडो-हजारो जनुके, प्रत्येकाचा वाटा कणाएवढा. हे अभ्यासही बहुतेक युरोपीय वंशाच्या माणसांवर झालेले आहेत.

आणि हे ३०-४० टक्के जातीजातींतल्या फरकाला लावता येत नाहीत. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली बियाण्याच्या दृष्टांताने हे समजावले. मी तो आपल्याकडच्या शब्दांत सांगतो. एकाच पोत्यातली बाजरी, अर्धी काळ्या रानात पेरली, अर्धी मुरमाड माळावर. काळ्या रानातल्या ताटांत जो उंचीचा फरक दिसेल तो बियाण्याचा. माळावरच्या ताटांतही तसेच. पण दोन रानांत जो फरक दिसेल तो सगळा जमिनीचा. माळावरचे पीक खुजे म्हणून बियाण्याला नावे ठेवणारा शेतकरी कुणी पाहिला आहे काय? आपल्याकडच्या जमिनीची मोजणीही झालेली आहे. आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांचा २०२० चा अभ्यास सांगतो की पैसाअडका, शिक्षण यांचा हिशेब वजा केला तरी अनुसूचित जातींचे व मुसलमानांचे लोक सवर्ण हिंदूंपेक्षा अधिक चिंता व उदासी सांगतात.

येथे मला आपल्याच कार्यकर्त्या मित्रांशी भांडावयाचे आहे. एक मित्र म्हणतो, हा रोगच नव्हे, व्यवस्थेचा परिणाम आहे. गोळ्या कशाला, चळवळीत आण पोरीला. अरे बाबा, पोरीला बसमध्ये श्वास घेता येत नाही, तिने मोर्च्यात काय करावे? एकाच वस्तीत, एकाच अपमानात वाढलेल्या दोन बहिणींपैकी एकीला हे होते आणि दुसरीला होत नाही, याचे उत्तर व्यवस्था एकटी देऊ शकत नाही.

दुसरा मित्र अधिक शिकलेला. तो म्हणतो, हजारो वर्षांचा आघात आपल्या जनुकांवर कोरला गेला आहे, आता विज्ञानानेच ते सिद्ध केले. कशाने केले? २०१४ साली उंदरांना एका वासाची भीती शिकविली, तर त्यांच्या पिल्लांतही त्या वासाची संवेदना वाढलेली आढळली. नाझी छळातून वाचलेले ज्यू व त्यांची मुले यांच्यावर २०१६ साली एक अभ्यास आला, तोही मोजक्या माणसांचा. एवढ्यावरून हजारो वर्षांचा दावा उभा राहत नाही. आणि माझी खरी हरकत पुराव्याची नाही. मास्तर म्हणाले, भीती यांच्या रक्तात आहे. मित्र म्हणतो, भीती आमच्या रक्तात आहे. मास्तर हिणवतात, मित्र कळवळ्याने बोलतो; पण दोघांच्याही बोलण्यात बूट घालून फिरणारा माणूस सुटून जातो.

आजीला वारसा होता असे मी आता मानतो. काळजातले पाखरू तिचे होते, तिच्या आत्याचेही असेल. ते पाखरू घेऊनच ती दिंडोरीकडून नाशिकला चालत आली आणि बंद दरवाजापुढे बसली. जे धीट होते तेही तिथे बसले होते.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना आजीचे आणि आईचे सांगितले. त्यांनी दोन ओळी कागदावर लिहिल्या, गोळीचे प्रमाण ठरवले, दर गुरुवारी बोलायला यायला सांगितले. मग पेन खाली ठेवून आजीला हे कधीपासून होते ते विचारले. मी १९३० सालचे सांगू लागलो. बाहेर रोगी ताटकळत होते, तरी त्यांनी मला थांबवले नाही. परत येताना भाचीने विचारले, चार दरवाजांपैकी पणजी कोणत्या दरवाजाला बसली होती? ते आजीने कधी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.