बार्शी लाइटची पायवाट

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ उचलायचे, खालचा भराव, पूल, बोगदे तसेच ठेवायचे आणि त्यावरून माणसांनी चालायचं किंवा सायकलने जायचं, ही पद्धत युरोप-अमेरिकेत आता चांगलीच रुळली आहे. तिचं कूळ शोधत मागे गेलं, तर वाट सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला येते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही तेव्हाही कापसाची मोठी पेठ होती, पण मुख्य लोहमार्ग गावापासून तीसेक किलोमीटर लांबून, कुर्डुवाडीवरून गेलेला. तेवढं अंतर माल बैलगाड्यांनी जाई. ब्रॉडगेजचा फाटा टाकण्याइतकी त्या मालाची कमाई नव्हती. कॅलथ्रॉपने अडीच फुटी अरुंद मार्गाचा तोडगा काढला. इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. भार सारखा वाटला गेला की हलके रूळ पुरतात, पूल साधे चालतात आणि वळण आवळून घेता येतं. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये धावू लागली. पुढे 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि कापसाच्या जोडीला वारकरीही वाहू लागली.

हाच कॅलथ्रॉप मग इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात रेल्वे बांधायला गेला. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. माप तेच, अडीच फुटी. इंजिनांची घडणही बार्शीच्या अनुभवावर बेतलेली. दोन्ही टोकांना सज्जे असलेले पिवळसर डबे त्या थंड खोऱ्यात थेट वसाहतीतून आल्यासारखे दिसत. दोन इंजिनांपैकी एकाचं नावच ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ होतं. रेल्वेचं पोट मुख्यतः दुधाच्या वाहतुकीवर भरे. ते दूध मोटारींनी जाऊ लागलं आणि 1934 मध्ये गाडी बंद झाली.

खरी कुळकथा इथून सुरू होते. मालक रेल्वे कंपनीने मार्गाखालची जमिनीची पट्टी विकून टाकली नाही, तुकडेही पाडले नाहीत. सगळी जमीन तिथल्या काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे दिली. कौन्सिलने 1937 मध्ये त्यावर पायवाट खुली केली. जगातल्या सर्वांत जुन्या रेल्वे-पायवाटांत या ‘मॅनिफोल्ड वे’ची गणना होते. सुमारे तेरा किलोमीटरची ही वाट आजही वापरात आहे.

अमेरिकेत ही कल्पना पुढे तीसेक वर्षांनी रुजली. शिकागोजवळच्या एका बंद रेल्वेमार्गाची पायवाट करा, असं पत्र निसर्गअभ्यासक मे वॉट्स यांनी 1963 मध्ये वृत्तपत्राला लिहिलं आणि त्यातून चळवळ उभी राहिली. विस्कॉन्सिन राज्यात तीन बोगद्यांची एलरॉय-स्पार्टा वाट 1967 मध्ये सुरू झाली. 1983 मध्ये अमेरिकेने कायदाच केला: मार्गावर आज पायवाट करा, पण पट्टी अखंड ठेवा, म्हणजे उद्या गरज पडली तर रेल्वे परत आणता येईल. स्पेननेही 1993 पासून जुन्या मार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ करायला घेतल्या.

लोकांना या वाटा आवडतात त्याचं कारण रेल्वेच्या बांधणीतच आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, म्हणून सपाट मुलखात शंभर फुटांना एखादा फूट चढ म्हणजेही बराच झाला. खोलगट भागात भराव, उंचवट्यात खोदकाम, ओढ्यावर मोरी. इंजिनासाठी केलेला हा खटाटोप म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना, लहानग्यांच्या सायकलींना आणि चाकाच्या खुर्चीला फुकटात मिळतो.

अशी वाट आपल्याकडे कुठे होऊ शकेल, हे पाहायला आता खानदेशाकडे येऊ. चाळीसगाव-धुळे फाटा 1900 पासून आहे, ब्रॉडगेज आहे आणि चालू आहे. चालत्या मार्गावरून पायी जाणं जिवावर बेतू शकतं. शिवाय रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 प्रमाणे तो गुन्हाही आहे. बंद मार्गाची गोष्ट आहे ती पाचोरा-जामनेरची, लोकांच्या तोंडी ‘पीजे’ची. बार्शीच्याच मापाची ही 56 किलोमीटरची गाडी पहिलं महायुद्ध संपण्याच्या सुमारास सुरू झाली. शेंदुर्णी, पहूर, जामनेर या पट्ट्यातला कापूस पाचोऱ्याला मुख्य मार्गावर आणणं हे तिचं काम. पहुराहून अजिंठाही जवळ. शंभर वर्षं ती धावली आणि मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरच्या पुढे वाढवण्याची योजना आहे.

म्हणून पीजेची सरसकट पायवाट करा, असं मी म्हणणार नाही. जामनेरच्या विद्यार्थ्याला, शेंदुर्णीच्या शेतकऱ्याला आधी गाडी हवी. फिरण्याची हौस त्यानंतर. पण ब्रॉडगेजला अरुंद मार्गाची आवळ वळणं चालत नाहीत. नवा मार्ग वळण सरळ करतो, तिथे जुना भराव आणि मोऱ्या बाजूला पडतात. अशा तुकड्यांवर अतिक्रमण व्हायला किंवा त्यांचा मुरूम उचलला जायला वेळ लागत नाही, आणि एकदा तुटलेली पट्टी पुन्हा सांधणं फार महाग पडतं.

मॅनिफोल्डची वाट टिकली ती निसर्गामुळे नव्हे. कंपनीने जमीन एकसंध दिली आणि जिल्ह्याच्या संस्थेने ती तीन वर्षांत वापरात आणली, म्हणून ती टिकली. पीजेचं रुंदीकरण होईल तेव्हा नव्या मार्गातून वगळलेली जागा रेल्वेने नकाशावर स्वतंत्र दाखवावी आणि जळगाव जिल्हा परिषदेने ती पायवाटेसाठी मागून घ्यावी. ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून आताच झाली पाहिजे. भराव उपसल्यावर करून उपयोग नाही.