बातमी, बाई आणि २३०० रुपये

आमच्या लश्करच्या आठवणी मी अधूनमधून लिहीत असतो. आज जरा वेगळा विषय, सिनेमातले पत्रकार.

आपल्या पिढीला आधी आठवतो तो 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस. १९७९ चा जब्बार पटेलांचा सिनेमा, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. पटकथा तेंडुलकरांची. साधू आणि तेंडुलकर दोघंही वर्तमानपत्रांत नोकरी केलेले, त्यामुळे निळूभाऊंचा दिगू खोटा वाटत नाही. त्याला मंत्रालयातलं सगळं कळतं, पण त्याच्या हातून काहीच बदलत नाही. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो.

दुसरा पत्रकार मात्र आमच्या दाराशीच आला होता.

एप्रिल १९८१. 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी शिवपुरीजवळच्या गावातली एक बाई २३०० रुपयांना विकत घेतली आणि तशी बातमी छापली. माणसांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला. शिवपुरी म्हणजे आमच्या ग्वाल्हेरहून बसने दोन-तीन तास. त्या वेळी मी ग्रामीण शाखेत होतो, म्हशीची कर्जं मंजूर करायचो. पंजाबात म्हशीला पडते त्याच्या निम्म्या किमतीत बाई मिळाली, असं त्या बातमीत होतं. म्हशींच्या किमती मला तोंडपाठ, पण बाईचीही किंमत ठरते हे मला पेपरातून कळलं! अंगठा उठवायला येणाऱ्या बायकांकडे मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

त्यावरून तेंडुलकरांनी 'कमला' नाटक लिहिलं. १९८४ मध्ये जगमोहन मूंदडांनी त्यावर हिंदी सिनेमा काढला. शबाना आझमी, दीप्ती नवल आणि पत्रकाराच्या भूमिकेत मार्क झुबेर. नाटकातला जयसिंग कमलाला अडीचशे रुपयांत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, नाव कमावतो. पुढे तिचं काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. शेवटी मालकावर वरून दबाव येतो आणि त्याचीच नोकरी जाते. म्हणजे तोही कुणाचा तरी विकत घेतलेलाच.

पण खरी चपराक वेगळी आहे. कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, सहज विचारते, तुला केवढ्याला आणलं?

तो सिनेमा आम्ही दोघांनी पाहिला. घरी येताना सौ. गप्प होती. रात्री पानं वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमची बदली झाली तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडली. मला विचारलं होतं का कुणी?" मी म्हटलं, "तेव्हा तशी पद्धतच होती." ती काही बोलली नाही. बँकेत आयुष्यभर हिशोब जुळवले, तो एक मात्र आजतागायत जुळला नाही. सौ. जाऊन आता सहा वर्षं झाली.

दिगू हतबल, जयसिंग यशस्वी आणि आंधळा. दोघांना लिहिणारे स्वतःच पत्रकार होते, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याच धंद्याचं ऑडिट इतक्या सचोटीनं कोण करतं? आम्ही बँकवाल्यांनी तर नाही केलं.

तुमच्यापैकी कुणी तेव्हा 'कमला' पाहिलं असेल, तर घरी कुणी काय म्हणालं होतं ते जरूर लिहा.