मनोरुग्णांचा दुर्लक्षित देह

कोल्हापूरच्या गादीवर १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज ऐन तारुण्यात वेडे ठरवले गेले. हे वेड खरे की छळातून आलेले, यावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी रान उठवले. कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. वाद महाराजांच्या मनाविषयी होता. घात झाला तो देहाचा. अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांच्या तैनातीला ग्रीन नावाचा गोरा शिपाई होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्याच्याशी झालेल्या झटापटीनंतर महाराज वारले. मृत्यूचे कारण प्लीहा फुटणे असे दिले गेले. वय अवघे वीस.

सामान्य घरांतले रुग्ण मागच्या खोलीत, देवस्थानात किंवा १८८६ मध्ये रत्नागिरीत सुरू झालेल्या वेड्यांच्या इस्पितळात असत. त्या काळच्या अशा इस्पितळांत हगवण आणि क्षय यांनी माणसे दगावत. म्हातारपणी साखर वाढायला आधी म्हातारपण यावे लागते!

ते आले औषधांमुळे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारांवर वापर सुरू झाला. पुढे अनेक रुग्ण घरी राहून, गोळ्यांवर, साठी ओलांडू लागले. नंतरच्या क्लोझापिन, ओलांझापिन या औषधांनी हात थरथरणे, अंग ताठणे कमी झाले. पण भूक वाढली, वजन चढले, इन्सुलिनला शरीर दाद देईना, रक्तातली चरबी वाढली. त्यात तंबाखू आणि बैठे दिवस यांची भर पडली. उतारवयात स्नायू झिजलेले असतात, मूत्रपिंडे मंदावलेली असतात. त्यामुळे तीच मात्रा अधिक बाधते. उठताना रक्तदाब उतरून तोल जातो, बद्धकोष्ठता हट्टाला पेटते. लिथियम घेणाऱ्यांच्या थायरॉइडवर व मूत्रपिंडांवर वेगळी नजर ठेवावी लागते. गंभीर मनोविकार असलेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षांनी कमी भरते. आत्महत्येपेक्षा हृदयविकारासारखे शारीरिक आजारच त्यात अधिक बळी घेतात.

यावरचा उपाय महागडा नाही. औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि चरबी यांची नोंद करावी, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे, मग निदान दरवर्षी. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० ओलांडली की सावध व्हावे. अडचण निराळीच आहे: छातीत दुखते म्हणणाऱ्या जुन्या मनोरुग्णाचे म्हणणे घरात आणि दवाखान्यात ‘भास’ म्हणून सोडून दिले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णांना शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने वागवण्याचा हक्क दिला आहे. तो अमलात यायचा, तर मनोविकार विभागाच्या टेबलावर कंबर मोजायची टेप आणि रक्तदाबाचे यंत्र असलेच पाहिजे.