खोटी फिर्याद आणि यजितखत

मराठी भाषेंत खोट्या आरोपास शब्दांची वाण नाहीं. आळ, कुभांड, किटाळ, बालंट हे शब्द तर आजहि घरोघर चालतात. तोहमत व तुफान हे अरबी वळणाचे शब्द जुन्या मराठींत त्याच अर्थानें रुळले होते. ज्या गोष्टीला लोक इतकीं नांवें देतात ती गोष्ट त्यांच्या नित्य अनुभवांतली असली पाहिजे, हें उघड आहे. खोटी फिर्याद करणाराचें पुढें काय होत असे व आज काय होतें, ह्या प्रश्नाचा विचार मानवत व त्याच्या आसपासचा मुलूख दृष्टीसमोर ठेवून येथें करावयाचा आहे.

मानवत हें परभणी जिल्ह्यांतील कापसाच्या बाजारपेठेचें गांव. शेजारचें पाथरी हें आईन-इ-अकबरीच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें. पुढें हा टापू निजामाच्या राज्यांत गेला व १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. त्यामुळें येथें तीन कायदे एकमेकांच्या शेजारीं नांदले: धर्मशास्त्राचा, काजीचा आणि गोताचा. खोट्या आरोपाविषयीं तिघांचेंहि म्हणणें पाहण्याजोगें आहे.

(१) धर्मशास्त्र व शरा

कौटिल्याचें मत अत्यंत रोखठोक आहे. चोर नसलेल्यास जो चोर म्हणेल त्याला चोराइतकाच दंड, असें तो सांगतो. याज्ञवल्क्य धनाच्या वादाविषयीं बोलतो. प्रतिवादी नाकबूल जाऊन खोटा ठरला तर त्यानें वाद्यास त्याचें धन द्यावें व तितकेंच राजास द्यावें; परंतु वादीच खोटा ठरला तर त्यानें दाव्याच्या दुप्पट भरावें. नाकबूल जाणारापेक्षां खोटा दावा उभा करणारा अधिक दोषी, हा ह्यांतील मथितार्थ होय. ह्याच स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्याच्या (सहावा, इ. स. १०७६–११२६) राजधानींत, कल्याणीस लिहिली, तें कल्याणीहि पुढें निजामाच्याच राज्यांत मोडत असे. शऱ्यांत व्यभिचाराचा आळ घेऊन चार साक्षीदार न देणारास ऐंशीं फटक्यांची सजा सांगितली आहे. ह्या गुन्ह्यास कज्फ म्हणतात. दोन्ही शास्त्रांचें मूळ तत्त्व एकच: आरोप करणारानें आपला आरोप स्वतःच्या जोखमीवर करावा.

(२) गोत, दिवाण व यजितखत

हें तत्त्व व्यवहारांत कसें उतरत असे तें पाहावयाचें तर मराठी निवाडपत्रांकडे वळलें पाहिजे. हीं बहुतेक वतनाच्या कज्ज्यांचीं आहेत. परंतु खोटेपणाचें पारिपत्य करण्याची रीत त्यांत स्पष्ट दिसते. कज्जा चालण्यापूर्वींच वादी व प्रतिवादी ह्यांजकडून राजीनामा घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळीं तो निवाडा मान्य करूं अशा कबुलीचा कागद असे. सोबत जामीन द्यावा लागे. आपण खोटे पडल्यास दिवाणचे गुन्हेगार व गोताचे अन्यायी, अशी भाषा त्यांत येते. म्हणजे फिर्यादी तोंड उघडण्यापूर्वींच आपल्या खोटेपणाचें मोल लिहून देत असे.

पुढें तकरिरी, साक्षी, महजर व क्वचित् दिव्य झाल्यावर निवाडा होई. हरणारापासून गुन्हेगारी व जिंकणारापासून हरकी किंवा शेरणी घेतली जाई. हरणारानें आणखी एक कागद जिंकणारास लिहून द्यावयाचा असे, तें यजितखत. आपला दावा खोटा, पुन्हां तो सांगणार नाहीं, अशी ती कबुली. हा कागद जिंकणाराच्या दप्तरांत राही व त्याच्या नातवापणतवांच्या कामीं येई. खोटेपणाचा पुरावा ज्याच्यावर खोटें रचलें त्याच्याच हातीं सोंपविणारी ही पद्धति होती, हें तिचें वैशिष्ट्य.

तिचें अवास्तव गुणगान करण्याचें मात्र कारण नाहीं. दोन्ही पक्षांकडून पैसा मिळाल्यामुळें दिवाणास कज्ज्याचा लोभ सुटण्यासारखा होता. दिव्यांत हात भाजला म्हणून खरा मनुष्यहि खोटा ठरत असला पाहिजे. आणि गोतसभेंत वतनदाराच्या शब्दाला जें वजन, तें बलुतेदाराच्या शब्दाला असणें शक्य नव्हतें.

(३) सातारचें उदाहरण

आरोप करणाराची जोखीम नाहींशी झाली म्हणजे काय होतें, ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण छत्रपति प्रतापसिंह महाराजांचें. पलटणीच्या सुभेदारांस फितविल्याचा आरोप प्रथम आला व १८३६ सालीं चौकशी नेमली गेली. मागाहून गोव्याच्या पोर्तुगीजांशीं व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधल्याचे आरोप त्यांत मिळाले. गिरजाबाईच्या नांवानें जो अर्ज पुराव्यांत आला तो आपण लिहिला, असें कृष्णाजी सदाशिव भिडे ह्यानें पुढें सांगितलें. तरीहि सप्टेंबर १८३९ मध्यें महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें, व तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. रंगो बापूजी दाद मागण्यासाठीं लंडनमध्यें बारातेरा वर्षें खपले. दाद मिळाली नाहीं, आणि १८४८ मध्यें राज्यहि खालसा झालें. महाराजांस आरोप करणारांसमोर रीतसर जबाब देण्याची संधि मिळाली नाहीं, ही त्यांच्या पक्षाची मुख्य तक्रार होती. येथें राजीनामा नव्हता, जामीन नव्हता व यजितखतहि नव्हतें. खबर ऐकणारें सरकार स्वतःच तिच्या फळाचें वांटेकरी होतें. खबर देणारास जाब कोण विचारणार?

(४) संहितांचा काळ

इंग्रजी मुलखांत १८६० ची दंडसंहिता १८६२ च्या आरंभापासून लागू झाली. मानवतास ती लागू नव्हती. तेथें सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर जिल्हा पोलीस व अदालती उभ्या राहिल्या, ठाण्यावर अमीन बसूं लागला, आणि कालांतरानें इंग्रजी संहितेच्याच धर्तीची निजामी दंडसंहिता आली. फिर्याद उर्दूंत लिहिली जाई. ती सांगणारा कुणबी मराठी बोलणारा. आपल्या नांवावर कागदांत काय उतरलें हें त्याला वाचतां येत नसे. अशा ठिकाणीं खोटी फिर्याद कोणाची, सांगणाराची कीं लिहिणाराची, हा प्रश्न केवळ तर्काचा राहत नाहीं. १९५१ च्या एप्रिलपासून भारतीय दंडसंहिता ह्या मुलखास लागू झाली.

त्या संहितेंत मुख्य कलमें दोन. कलम १८२ प्रमाणें सरकारी नोकरास खोटी खबर देऊन त्याजकडून दुसऱ्यास त्रास देवविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २११ प्रमाणें इजा करण्याच्या हेतूनें, आधार नाहीं हें ठाऊक असतांना, खोटा आरोप करणारास दोन वर्षांपर्यंत कैद. आणि भारी गुन्ह्याच्या आरोपावरून खटलाच उभा राहिला असल्यास सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागीं भारतीय न्याय संहितेचीं कलमें २१७ व २४८ आलीं. पहिल्यांत आतां एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. दुसऱ्यांत पांच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. दोहोंतहि कैद व दंड मिळून देतां येतात. आरोप देहान्ताच्या, जन्मठेपेच्या किंवा दहा वर्षांच्या वा त्याहून अधिक सजेच्या गुन्ह्याचा असून खटला भरला गेला असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड.

(५) किल्ली कोणाच्या हातीं

कलमें कडक झालीं. परंतु तीं आपोआप चालत नाहींत. खोट्या खबरीबद्दल ज्या अधिकाऱ्यास ती दिली त्यानें, अथवा त्याच्या वरिष्ठानें, लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालयास दखल घेतां येत नाहीं. खोटा आरोप न्यायालयाच्या कामकाजाशीं निगडित असेल तर तक्रार त्या न्यायालयाची लागते. महाराष्ट्रांत पोलीस तपासाअंतीं तीन तऱ्हेची समरी मागतात: गुन्हा खरा पण उलगडा नाहीं ती ए, फिर्याद द्वेषानें केलेली व खोटी ती बी, आणि गैरसमजाची किंवा दिवाणी स्वरूपाची ती सी. खोटेपणाचा प्रश्न खऱ्या अर्थानें बी समरींतच उभा राहतो. तीहि फिर्यादीचें म्हणणें ऐकल्याशिवाय मान्य करूं नये, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ पासून घालून दिलें आहे. ज्याच्यावर बालंट आलें त्याच्या स्वतःच्या हातीं मुख्यतः नुकसानभरपाईचा दावा उरतो, आणि त्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून एकच वर्ष.

ही अडसर निष्कारण नाहीं. शाबीत न झालेली फिर्याद आणि खोटी फिर्याद ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. साक्षीदार फुटले, गरिबास पुरावा जमवितां आला नाहीं, म्हणून त्याची फिर्याद खोटी होत नाहीं. ह्या भेदाचें महत्त्व कऱ्हाड येथील एका प्रकरणांत दिसून आलें. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा दुरुपयोग होतो म्हणून मार्च २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें फिर्याद नोंदण्यापूर्वीं प्राथमिक चौकशीची वाट दाखविली. संसदेनें त्याच वर्षीं कायदा दुरुस्त केला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्यें न्यायालयानें ते निर्देश मागें घेतले. अनुसूचित जातिजमातींचे लोक वर्ग म्हणून खोट्या फिर्यादी करतात असें गृहीत धरतां येत नाहीं, हें त्या वेळीं स्पष्ट झालें. खोटेपणा हा व्यक्तीचा दोष आहे. तो जातीच्या माथीं मारणें हेंहि एक कुभांडच होय.

खुद्द मानवताचें नांव न्यायग्रंथांत आहे तें १९७२ ते १९७४ मधील खुनांच्या खटल्यामुळें. त्याचा अंतिम निवाडा १९७७ सालीं न्या. चंद्रचूड ह्यांनीं लिहिला. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दास महत्त्वाच्या बाबतींत दुसरा आधार असल्याखेरीज त्यावर विसंबूं नये, हा सावधपणाचा नियम त्यांत पुन्हां दृढ झाला. आपला जीव वांचविण्यासाठीं दुसऱ्याचें नांव घेणारा मनुष्य हा खोट्या फिर्यादीचाच सख्खा भाऊ. म्हणून खोटें बोलल्यास त्याची माफी जाण्याची तरतूद कायद्यानें ठेविली आहे.

(६) निष्कर्ष

सारांश, जुन्या पद्धतींत खोटेपणाचा परिणाम निवाड्यांतच गुंफलेला असे. आजच्या पद्धतींत तो स्वतंत्र खटल्याचा विषय आहे व तो सुरू करण्याची किल्ली बहुधा तिसऱ्याच्या हातीं असते. पूर्वीच्या रीतींत गरीब फिर्यादीस धाक होता. आतांच्या रीतींत निर्दोष आरोपीस विलंब आहे. दोहोंचे दोष टाळावयाचे तर निदान यजितखताचें एक तत्त्व घेण्याजोगें आहे: बालंट खोटें ठरल्याचा कागद, न मागतां, त्या मनुष्याच्या हातीं पडावा. आज न्यायालयाची आज्ञा दप्तरांत राहते, नक्कल मागेल त्याला मिळते, आणि मुदत भरली म्हणजे मूळ कागदहि नष्ट होतो. गांवांत मात्र आळ तेवढा राहतो.

संग्राहकांस ह्या निमित्तानें एक विनंती आहे. जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना निवाडपत्र उचललें जातें, कारण त्यावर शिक्के असतात. यजितखत व राजीनामा हे बिनशिक्क्याचे तुकडे रद्दींत जातात. पाथरी, मानवत, सेलू ह्या बाजूचे मोडी व उर्दू कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं हे तुकडे वेगळे काढून, तारखा व गांवांचीं नांवें टिपून ठेवावींत. जिंकणाराचा इतिहास निवाडपत्रांत असतो. मनुष्य खोटें कां बोलला व तें कसें कबूल केलें, हा इतिहास ह्याच तुकड्यांत सांपडण्याचा संभव आहे.