नारू : पायावरचा फोड आणि गेल्या वर्षीचं पाणी

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल आणि त्यांचं लहानपण कंधार, मुखेड, औसा, निलंगा अशा भागातल्या खेड्यात गेलं असेल, तर त्यांना 'नारू' म्हणजे काय ते विचारून बघा. तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल. गुडघेदुखीसाठी काढलेल्या जुन्या माणसांच्या एक्स-रेमध्ये मात्र कधीतरी पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं दिसतं आणि नातेवाईक घाबरून विचारतात, "डॉक्टर, हे काय?" तो शरीरातच मेलेला आणि चुना साठून कडक झालेला नारू असतो. त्याला काही करावं लागत नाही.

मागच्या काही लेखांत आपण पोटातले, रक्तातले आजार कातडीवर कसे दिसतात ते पाहत आलो. नारूइतकं उघड उदाहरण दुसरं नाही. इथे तर रोगजंतू स्वतःच कातडी फोडून बाहेर येतो.

सुरुवात साधीच असायची. अंगावर पित्तासारख्या गांधी, खाज, थोडा ताप, मळमळ. मग घोट्याजवळ किंवा पावलावर एक फोड. त्याची आग इतकी, की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावायचा. फोड फुटायचा आणि आतून पांढऱ्या सुतळीसारखा जंत डोकं बाहेर काढायचा. ही मादी. जाडी शेवयीएवढी, लांबी दोन-तीन फूट. ती ओढून काढता येत नसे. काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी, असं कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालायचं. घाईत तुटली तर पाय सुजून पू व्हायचा, सांधा आखडायचा, काहींना धनुर्वात व्हायचा. आणि हे सगळं बहुधा उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर. घरातले दोन कर्ते लोक एकदम खाटेवर पडले की त्या वर्षीचं शेत पडीक राहायचं. नारूने माणूस क्वचितच दगावायचा, पण घर मात्र कर्जात जायचं.

आयुर्वेदात याला 'स्नायुक' म्हटलं आहे. म्हणजे रोग माहीत होता, काडीचा उपायही शेकडो वर्षांचा. माहीत नव्हतं ते एवढंच, की हा जंत पायात येतो कुठून. पाणी आणि चिखलाशी संबंध आहे हे लोकांच्या लक्षात आलं होतं, पण तो पायातूनच आत शिरत असावा असं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटे. जिथे दिसतो तिथूनच शिरला असेल, हा तर्क तसा स्वाभाविकच आहे. तो चुकीचा होता.

१८७० च्या सुमारास फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात पाहिलं की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यात वाढतात. माणसात हे सिद्ध करण्याचं काम मुंबईत झालं. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (आजची हाफकिन इन्स्टिट्यूट) डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तुर्खुड यांनी १९१३-१४ च्या सुमारास, स्वतःहून तयार झालेल्या माणसांना असे किडे असलेलं पाणी पाजून दाखवलं, की नारू होतो तो पिण्यातून. आज अशा प्रयोगाला कुठलीच समिती परवानगी देणार नाही. आणि तुर्खुडांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता पूर्ण साखळी बघा. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे आपल्या बारवेत, घागर भरायला उतरतो. आग होणारा पाय पाण्यात टेकतो. त्या क्षणी मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. सायक्लॉप्स ती गिळतात. दोन आठवड्यांनी तेच पाणी कुणीतरी पितं. जठरातल्या आम्लात किडा मरतो, पिल्लं सुटतात, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. नर मरून जातो. मादी वाढत वाढत पायाकडे सरकते आणि सुमारे वर्षाने फोड येतो. पाणी पुन्हा तळाला गेलेलं असतं, लोक पुन्हा पायऱ्या उतरत असतात. म्हणजे यंदाच्या फोडाचं कारण गेल्या उन्हाळ्याच्या घागरीत. पायाला लेप लावून हा रोग कधीच हटणार नव्हता.

याच्यावर औषध नाही. लस नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. तरीही तो गेला, कारण लक्ष पायावरून पाण्याकडे वळलं. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत सुमारे ४०,००० रुग्ण सापडले होते. मग पाणी दुहेरी फडक्याने गाळा (सायक्लॉप्स फडक्यात अडकतो), विहिरीत टेमेफॉस टाका, पायऱ्या बंद करून कठडा आणि रहाट बसवा, रुग्णाला पाण्यात उतरू देऊ नका. घरोघर फिरून हे सांगणारे आरोग्य कर्मचारी होते, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आणि हातपंप. जुने बिडाचे पंप सारखे मोडायचे. दणकट पोलादी पंप बनवण्याची धडपड आपल्याच जालन्याला एका मिशनने केली, सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि त्याच घडणीवरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तुमच्या गावात शाळेजवळ उभा असतो, तोच. बोअरच्या पाण्यात कुणाचा पाय बुडत नाही.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. आफ्रिकेत तो अजून थोडा शिल्लक आहे. अलीकडे जगभरात वर्षाला दहा-पंधरा रुग्ण सापडतात, पण कुत्र्यांनाही तो होऊ लागल्याने शेवटचा टप्पा रेंगाळला आहे.

जाता जाता एक फरक. नारू स्वतःहून ओरडून सांगायचा. कुष्ठरोगाचा चट्टा ओरडत नाही, तो दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणूनच लोक वर्षानुवर्षं मलमं लावत बसतात. फिकट किंवा लालसर डाग असेल आणि तिथे स्पर्श कमी कळत असेल, तर दाखवून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, रोग पूर्ण बरा होतो.

सध्या मराठवाड्यात ठिकठिकाणी जुन्या बारवा साफ होत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. त्यावरून मला एकाने विचारलं, नारू परत येईल का? सायक्लॉप्स आजही साचलेल्या पाण्यात असतात, पण त्यांच्या पोटात जायला नारूची पिल्लं हवीत, आणि ती सोडणारा रुग्ण आपल्याकडे उरलेला नाही. तेव्हा बारवेत उतरायला भीती नाही. ते पाणी प्यायचं असेल तर मात्र नुसतं गाळून भागणार नाही. कावीळ, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू फडक्यातून आरामात निघून जातात, त्यामुळे उकळूनच प्या.