वापरकर्ता इंटरफेस मार्कअप भाषा

वापरकर्ता इंटरफेस मार्कअप भाषा म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यावरील खिडक्या, बटणे, याद्या इत्यादींची मांडणी खुणांच्या साहाय्याने वर्णन करणारी संगणकीय भाषा होय. बटण कोठे असावे हे या भाषेत लिहितात. ते दाबल्यावर काय घडावे हे प्रामुख्याने प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले जाते.

प्रमुख भाषांची तुलना

झूल (एक्सयूएल) : मोझिला प्रकल्पाची एक्सएमएलवर आधारित भाषा. फायरफॉक्सचा इंटरफेस मुळात हिच्यात रचला गेला. २०१७ मधील ५७व्या आवृत्तीपासून झूलवर आधारित विस्तार चालणे बंद झाले.

झॅमल (एक्सएएमएल) : मायक्रोसॉफ्टची, एक्सएमएलवरच आधारित भाषा, २००६ मध्ये डॉट नेट ३.० सोबत आली.

क्यूएमएल : २०१० मध्ये क्यूट ४.७ सोबत आली. हिची रचना एक्सएमएलची नसून महिरपी कंसांची आहे. जावास्क्रिप्टमधील सूचना हिच्यातच लिहिता येतात, त्यामुळे मांडणी व वर्तन यांतील सीमारेषा येथे पुसट होते.

मराठीकरण

मजकूर मांडणीपासून वेगळा ठेवता येणे मराठीसाठी महत्त्वाचे ठरते. झूलमध्ये तो स्वतंत्र धारिकांत ठेवता येई. अँड्रॉइडमध्ये मांडणी एक्सएमएलमध्ये, तर मराठी शब्द ‘एमआर’ या भाषासंकेताच्या फोल्डरात असतात. क्यूएमएलमध्ये अनुवादयोग्य मजकुरावर तशी खूण करावी लागते. शब्द थेट मांडणीतच लिहिल्यास अनुवादकाला मूळ रचनेत हात घालावा लागतो. तसेच बटणाची उंची ठरावीक ठेवल्यास देवनागरीतील वेलांट्या व उकार कापले जाण्याचा संभव असतो; म्हणून मजकुरानुसार वाढणारी मांडणी श्रेयस्कर ठरते. झॅमल व अँड्रॉइड या दोहोंत तशी सोय आहे.